गणपतीत घर बंद, गाडीही इथेच: कुलूप घ्यावं, कॅमेरा की आणखी काही?

कुडाळची_लेक

नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला चार मजल्यांची, बिनलिफ्टची जुनी बिल्डिंग, आम्ही पहिल्या मजल्यावर. गणपतीला कुडाळला जातोय आणि यंदा अनंत चतुर्दशी करूनच परतणार. अर्ध्या बिल्डिंगीची हीच कथा, सगळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी जिना चढून बघावं तर मजल्यावर एखादंच दार उघडं. वॉचमन नाही. मेन्टेनन्स वाढवायचा विषय निघाला की आमची मीटिंग चहा न पिताच संपते.

मागच्या गल्लीत मे महिन्याच्या सुट्टीत दोन फ्लॅट फोडले, कडी-कोयंडा उचकटून. आधी शेजारच्या दारांना बाहेरून कड्या घातल्या, म्हणजे आवाज आला तरी कुणी बाहेर येऊ नये. तेव्हापासून सासूबाईंचा जीव थाऱ्यावर नाही. नवऱ्याच्या डोक्यात डिजिटल लॉक बसलंय. मला कॅमेरा बरा वाटतो. सासऱ्यांचं मत: हॉलमधला दिवा चालू ठेवा, बाकी रामेश्वर बघून घेईल.

तुतारी एक्सप्रेसची तिकिटं नशिबाने मिळाली, त्यामुळे जुनी वॅगनआर आणि ॲक्टिव्हा बिल्डिंगीखालीच राहणार. दागिन्यांपैकी गौरीला घालायचे तेवढे सोबत नेणार, बाकीचे घरात ठेवायला मन होत नाही. बजेट पंधरा हजारांच्या आत. काय करावं?

बाल्कनीतून

सगळ्यात आधी: ठाणे स्टेशनवरून ‘निघालो गावाक’ असं स्टेटस टाकू नका. फोटो आल्यावर टाका, लाइक तेवढेच मिळतात.

सासऱ्यांच्या दिव्याबद्दल: दिवसरात्र जळणारा दिवा म्हणजे घरात कुणी नाही याचाच पुरावा. भर दुपारी बाल्कनीत बल्ब चालू दिसला की मलासुद्धा समोरून कळतं की ही माणसं गावाला गेलीत. हजाराच्या आत टायमरवाला प्लग मिळतो, संध्याकाळी लावतो, अकराला विझवतो. दूध आणि पेपर बंद करा. दूधवाला ‘हो ताई’ म्हणून पुन्हा पिशवी अडकवतोच, म्हणून शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

कुलूपवाला

ताई, कल्याणला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. कुलपं विकतो, बसवून देतो, आणि घरफोडी झाली की पंचनामा उरकल्यावर दार दुरुस्त करायलाही मलाच बोलावतात. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

फोडलेलं कुलूप मी फार कमी पाहिलंय. बहुतेक वेळा कुलूप जसंच्या तसं बंद असतं, कोयंड्यात लटकत, आणि कोयंडाच दारातून उपटून आलेला असतो. गिऱ्हाईक दीड-दोन हजारांचं कुलूप निवडायला अर्धा तास घालवतं आणि निघताना ‘एक साधा कोयंडा पण द्या’ म्हणतं. तो साधा कोयंडा पाऊण इंची चार स्क्रूंवर उभा असतो. मागे कटावणी घातली, एक हिसका, संपलं. लॅच असेल तर चौकटीचं लाकूड तेवढं फुटतं, लॅचची जीभ शाबूत. जुन्या बिल्डिंगींत चौकट पावसाळ्याने फुगून-सुकून इतकी पोचट झालेली असते की मी स्क्रू हाताने फिरवून काढलेत.

म्हणून पैसे कुलपात घालण्याआधी दारात घाला. कोयंडा जाड लोखंडी पट्टीचा घ्या आणि तो स्क्रूवर लावूच नका. दाराला आरपार भोक पाडून बोल्ट टाकायचे, गोल डोकं बाहेर, वॉशर आणि नट आतून. बाहेरून पान्याला पकडायला काही उरत नाही. मग लॅचची जीभ चौकटीत शिरते तिथली पट्टी. तिचे स्क्रू काढून बघा, बोटाच्या पेराएवढे निघतील. त्या जागी तीन इंची स्क्रू, भिंतीत प्लग ठोकून, म्हणजे चौकटीसोबत भिंतही धरून ठेवते. बिजागऱ्यांनाही प्रत्येकी एकेक लांब स्क्रू. चौकट पोचट असेल तर आतून लोखंडी अँगल मारावा लागेल. दिसायला वाईट, पण दाराआड कोण बघतं? मजुरी-मालासकट तुमच्या बजेटचा लहानसा भागच जाईल.

कुलूप बाहेर लटकलेलं असणं ही दुसरी भानगड. जिन्यातून जाणाऱ्याला प्रत्येक मजल्यावर कोण आहे, कोण नाही याची यादीच मिळते. सेफ्टी डोअर असेल तर त्याला आतल्या अंगाने बसणारं, बाहेर फक्त किल्लीचं भोक दिसणारं कुलूप लावा. दाराबाहेर दोन जुन्या चपला राहू द्या. कडीत जाहिरातीचे कागद अडकवून जातात ते शेजाऱ्यांना रोज काढायला सांगा. तो कागद चार दिवस तसाच राहिला की घर बंद आहे हे कुणालाही कळतं.

डिजिटल लॉकशी माझं वैर नाही, विकतो मी. पण ते बसणार त्याच दारावर, जीभ शिरणार त्याच चौकटीत. कटावणीला मोबाइल ॲप कळत नाही.

आता ज्याकडे कुणी बघत नाही ते. संडास-बाथरूमची खिडकी. तुम्ही पहिल्या मजल्यावर, म्हणजे मागच्या डक्टमध्ये पाइप असणारच. त्या खिडकीला आडव्या काचपट्ट्या असतात, ॲल्युमिनियमच्या खाचेत नुसत्या सरकवलेल्या. बाहेरून पत्रा जरा वाकवला की एकेक पट्टी आवाज न करता निघते. अंगाने किरकोळ पोरगा आत शिरतो आणि पुढचं दार आतून उघडून देतो. एका घरी मी गेलो तेव्हा सगळ्या पट्ट्या कमोडच्या टाकीवर नीट एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या, एकही फुटली नव्हती. पुढच्या दाराला मात्र तीन कुलपं. तिथे ग्रिल लावा, आणि ग्रिल भिंतीत गाडून. बाहेरून स्क्रूवर लावलेली ग्रिल काढायला स्क्रूड्रायव्हर पुरतो.

कुडाळची_लेक

कुलूपवाला काका, आत्ताच बाथरूममध्ये जाऊन बघितलं. एक पट्टी माझ्याच हाताने निघाली. काय बोलू!

कॅमेऱ्याचं काय मग? आणि चावी समोरच्या काकूंकडे ठेवायची की नाही यावरून घरात दोन पक्ष आहेत. गोदरेज कपाट आहे, त्याच्या लॉकरला कुलूप लावून जाऊ ना?

कुलूपवाला

कॅमेरा जरूर लावा, पण तो चोर अडवत नाही, दाखवतो. आणि दाखवण्यासाठी त्याला वीज लागते. तुमचे मीटर खाली जिन्याशी असतील. तिथून मेन स्विच पाडला की राउटर बंद, कॅमेरा बंद. राउटर आणि कॅमेरा दोन्ही छोट्या यूपीएसवर टाका. रेकॉर्डिंग नुसतं मेमरी कार्डात नको, चोर कॅमेराच काढून नेतो. दारासमोर लावा, चेहरा येईल अशा उंचीवर. छताला लावलेल्या कॅमेऱ्यात टोप्या छान दिसतात.

चावी काकूंकडे ठेवा. गॅस, पाणी, शॉर्टसर्किट, काहीही होऊ शकतं. आणि मुख्य म्हणजे काकूंचा नंबर गावात रेंज असलेल्या माणसाकडेही द्या.

कपाटाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. आत काही नसेल तर कुलूप लावू नका. बंद कपाट म्हणजे आत काहीतरी आहे, असाच हिशोब होतो. काही न नेता दहा हजारांचं कपाट पत्रा फाडून ठेवलेलं मी बघितलंय. तांदळाच्या डब्यात, देव्हाऱ्याखाली, साड्यांच्या घडीत ठेवलेलं तर पहिल्या पाच मिनिटांत निघतं. त्यांच्याही घरी आई-आज्या आहेतच की.

क्लेमवाले_आजोबा

विमा कंपनीत क्लेम बघण्यात नोकरी गेली, म्हणून दोन गोष्टी सांगतो ज्या चोरी झाल्यावर कळून उपयोग नसतो.

पहिली गाडीची, पण तिचा संबंध घराशी आहे. दाराआडच्या खुंटीवर गाडीची आणि स्कूटरची दुसरी चावी टांगलेली असते. घर फोडणारा ती घेतो, खाली उतरतो आणि गाडीत बसून माल घेऊन जातो. वर क्लेमच्या वेळी कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच दिलीत की प्रश्नोत्तरं सुरू. दोन्ही चाव्या घराबाहेर ठेवा, एक सोबत, एक नात्यात कुणाकडे. जुनी वॅगनआर म्हणता, तर पॉलिसी काढून बघा. फक्त थर्ड पार्टी असेल तर चोरीचा एक रुपया मिळत नाही. पूर्ण विमा असेल तरी पैसे मिळतात ते पॉलिसीवर छापलेल्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, हिशोबाने. त्यासाठी सहसा पोलिसांचा ‘ए’ समरी अहवाल लागतो, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. त्याला महिने जातात, धीर धरा.

दुसरी घराची. भारत गृह रक्षा पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे आणि गृहकर्जासोबत पुष्कळांच्या गळ्यात असते. लोक समजतात चोरीही आली. त्यात चोरी आहे ती आग, पूर, भूकंप अशी घटना घडल्यानंतर सात दिवसांत, त्या घटनेमुळे झालेली. साध्या घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. घेताना दोन अटी वाचा: घर किती दिवस बंद राहिलेलं चालतं, आणि दार-खिडकी फोडल्याची खूण लागते का. चावीने उघडून चोरी झाली तर बरेचदा तिथेच अडतं. दागिन्यांची बिलं नसतील तर सराफाकडून मूल्यांकन करून घ्या, प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा.

बाकीचे दागिने बँकेच्या लॉकरात. पण तिथेही हिशोब माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, दरोडा, आग किंवा बँक कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत. भाडं २,००० असेल तर जास्तीत जास्त दोन लाख. आजच्या सोन्याच्या भावात त्यात काय येतं ते तुम्हीच बघा. तरीही तांदळाच्या डब्यापेक्षा शंभर पटीने बरं.

स्टिल्टखालचा

गाडीबद्दल थोडं. आमच्याकडे गणपतीत पार्किंगची फेररचना करतो. गावी जाणाऱ्यांच्या गाड्या आत भिंतीला नाक लावून, आणि इथे राहणाऱ्यांच्या त्यांच्यासमोर आडव्या. बाहेरची हलल्याशिवाय आतली निघतच नाही. फुकट आहे, फक्त पार्किंगवरून भांडणाऱ्या दोघांना एका मीटिंगला बसवावं लागतं.

वॅगनआरला गिअर लॉक बसवा. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा, इतके दिवस उभी राहून ती उतरणारही नाही. मूळ आरसी बुक गाडीत ठेवू नका, डिजिलॉकरमधली आरसी चालते. सीटवर काही म्हणजे काही नको, रिकामी बॅगसुद्धा. आत काय आहे ते काच फोडल्यावरच कळतं. ॲक्टिव्हाचं नुसतं हँडल लॉक एका लाथेचं गिऱ्हाईक, डिस्क किंवा ड्रम जे असेल त्या चाकाला वेगळं कुलूप. पुढच्या चाकातून साखळी घालून खांबाला बांधली तर उत्तम. बिल्डिंगीत कुणाची मारुतीची इको व्हॅन असेल तर त्यांना सायलेन्सर सांभाळायला सांगा. त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम-पॅलेडियम असतं, गाडी जागेवर आणि सायलेन्सर गायब असे प्रकार झालेत.

आणि हो, आमच्या सेक्रेटरीने बंद फ्लॅटचे नंबर लिहून पोलीस ठाण्यात अर्ज दिला आणि पोच घेतली. रात्रीच्या गस्तीत बीटवाले खाली चक्कर मारून जायचे. प्रत्येक ठिकाणी माणसं पुरेशी असतीलच असं नाही, पण अर्ज द्यायला काही जात नाही. इथे राहणाऱ्यांची एक यादी करा, कोण कुणाचा जिना बघणार. दारांना बाहेरून कड्या घातलेल्या आढळल्या तर दार आपटत बसू नका, आतून ११२ लावा.

बाल्कनीतून

कड्यांवरून आठवलं. बाहेरच्या त्या कडीचा तुम्हाला उपयोग काय? काढूनच टाका ना, सगळ्या मजल्यांवरच्या.

कुलूपवाला

हे लाखात बोललात. राहणाऱ्यांच्या दारांवरच्या बाहेरच्या कड्या आधी काढा. आमच्या दुकानात दर दिवाळीला सांगतो, कुणी मनावर घेत नाही. ज्यांना कुलूप त्याच कडीला लावायची सवय आहे त्यांनी दाराचं कुलूप बदलावं आणि मग काढावी.

कुडाळची_लेक

नवऱ्याला सगळा धागा वाचायला दिला. डिजिटल लॉक रद्द, पण ‘दिवाळीला बघू’ असं म्हणून तह झालाय. दुसरी चावी खरंच दाराआडच्या खुंटीवर होती, ती आज बदलापूरला नणंदेकडे गेली. लॉकरबद्दल आणि घरफोडीच्या कव्हरबद्दल उद्या विचारते. काका, हे बोल्टचं काम कुठलाही सुतार करेल का? चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात बोलावते.

कुलूपवाला

करेल, पण त्या आठवड्यात मिळाला तर. निम्मे सुतार मखरांच्या कामात अडकलेले असतात आणि उरलेले तुमच्याच गाडीने गावी निघालेले. या रविवारीच सांगा. दाराची जाडी मोजून ठेवा, ३० मिमी आहे की ३५, बोल्टची लांबी त्यावर ठरते. आणि बाथरूमच्या खिडकीचं माप आतून नको, बाहेरून घ्या.