प्रतिसाद: अभ्यास होतोच की
वर एकांनी विचारलंय की शाळेत न जाता घरी शिकणारी मुलगी नुसते प्रोजेक्ट, सहली आणि बायबलचे धडेच सांगत असेल तर अभ्यास कधी करते. अहो तोच तर अभ्यास! माझी भाची पुण्यात घरीच शिकते. बायबलमधला मोहरीच्या दाण्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, वाचली आणि लगेच कुंडीत मोहरी पेरली, रोज पट्टीने रोपाची उंची मोजायची, वहीत ग्राफ काढायचा, म्हणजे गणित आलं सायन्सपण आलं. मग ताई-भावोजी तिला दौंडच्या गाडीने केडगावला घेऊन गेले, पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेलं मुक्ती मिशन बघायला. हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून रमाबाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ मध्ये वारल्या, हे सगळं तिने स्वतःच्या शब्दात लिहून मला फोनवर वाचून दाखवलं, खरंच भरून आलं मला.

दहावीचं म्हणाल तर एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळा बोर्डातून, बसता येतं, वय १४ पूर्ण लागतं. मला काळजी वाटते ती तिला मैत्रिणी मिळतील का याची, म्हणून ताईने तिला संध्याकाळी खो-खोला घातलंय. तुमच्याकडे तेवढं आवर्जून बघा.