एआर-१५ रायफलला नेमकं काय लावावं? टॅक्टिकल (लष्करी धाटणीच्या) सामानाचा अतिरेक होतोय का?

फ्रिस्कोकर:
नमस्कार मंडळी. डॅलसजवळ राहतो, ग्रीन कार्ड आल्यावर साधी १६ इंची नळीची एआर-१५ घेतली. कधीतरी शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जातो, शिकार वगैरे काही नाही. पण ग्रुपवर रोज कुणीतरी लिंक टाकतं, फोरग्रिप (पुढच्या हाताची मूठ) घे, लेसर घे, बायपॉड (दोन पायांचा स्टँड) घे, एकाने तर प्लेट कॅरियरच (चिलखती जॅकेट) सुचवलं. परवा शेजारच्या लेनमध्ये एकाची रायफल बघितली, हँडगार्डच्या (नळीभोवतीच्या कव्हरच्या) तिन्ही बाजूंनी काही ना काही बसवलेलं, आणि उभं राहून थोड्या गोळ्या मारल्या की त्याचा डावा हात खाली यायचा, मग परत बेंचवर टेकवायचा. मला फक्त रेंज आणि घराचं संरक्षण एवढंच हवंय. मुलगी सहावीत आहे. डोळ्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे. बजेट ८०० डॉलर. काय खरंच लागतं आणि काय उगाच, सांगा प्लीज.

ऑस्टिनचा_अण्णा:
अतिरेक झालाच आहे, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. यूजीन स्टोनरने १९५० च्या दशकात ही रायफल काढली तेव्हा तिचा सगळा गुण हलकेपणात होता, रिकामी असताना जेमतेम तीन किलो. १९९५ मध्ये पिकाटिनी रेलचं (सामान अडकवायच्या खाचांच्या पट्टीचं) लष्करी स्टँडर्ड आलं ते सैनिकाला कामाप्रमाणे दुर्बीण, लाइट बदलता यावेत म्हणून, सगळं एकदम लावायला नाही. मग २००४ ला अशा रायफलींवरची फेडरल बंदी संपली, त्यात इराक-अफगाणिस्तानचे फोटो घरोघरी पोचले आणि दुकानं तसल्या सामानाने भरून गेली. सैनिकाला रात्रभर गस्त घालायची असते, तुम्हाला बेडरूमपासून जिन्यापर्यंत जायचंय.

तुम्हाला तीन गोष्टी लागतील. साधी टू-पॉइंट स्लिंग (दोन टोकांना अडकवायचा खांद्याचा पट्टा) घ्या, पन्नास-साठ डॉलरची पुरते, दार उघडायला किंवा फोन करायला हात मोकळा राहतो. दुसरा लाइट, कारण अंधारात समोर कोण आहे ते ओळखल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाताच कामा नये, रात्री पाणी प्यायला उठलेली तुमची मुलगीही असू शकते. आणि म्हणूनच हातातली वेगळी टॉर्चही उशाशी ठेवा, नुसतं बघायचं म्हणून रायफलचा लाइट वापरलात तर जिथे बघाल तिथे नळी रोखली जाते, हे फार कमी लोक सांगतात. तिसरं साइट, म्हणजे नेम धरायची काच. सिलिंड्रिकल नंबर असेल तर रेड डॉटचा (लाल ठिपक्याने नेम दाखवणाऱ्या साइटचा) ठिपका फुटलेला, पसरलेला दिसतो. दुकानात फोनने त्या ठिपक्याचा फोटो काढा, फोटोत गोल आला तर साइट ठीक आहे, फरक डोळ्याचा आहे. मग सरळ प्रिझम साइट घ्या, तिची खूण काचेवरच कोरलेली असते, बॅटरी गेली तरी दिसते. तीनेकशे डॉलरमध्ये चांगली मिळते. उरलेले पैसे गोळ्या आणि एका दिवसाचा क्लास यात घाला.

ईआर_ताई:
अण्णांशी सहमत, पण माझ्या मते यादी सेफपासून सुरू व्हायला हवी. घरात मूल आहे आणि कुलूपबंद सेफ नाही तर बाकी काहीच घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. दुसरं म्हणजे कान. रायफलचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, इनडोअर रेंजवर आत प्लग (कानातले बोळे) आणि वरून मफ (कान झाकणारे कप), दोन्ही घाला, गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. आणि प्लेट कॅरियरच्या पैशात टूर्निके (रक्तस्राव थांबवायला आवळायचा पट्टा) घ्या, 'स्टॉप द ब्लीड'चा रक्तस्राव थांबवायला शिकवणारा कोर्स करा, बऱ्याच ठिकाणी फुकट असतो. गाडीच्या अपघातातही तो उपयोगी पडतो.

सिएटलवासी:
थोडा असहमत. सप्रेसरला (नळीच्या टोकाला लावायचं आवाज कमी करणारं साधन) लोक सरसकट दिखावा म्हणतात ते पटत नाही, बंद खोलीत कानांसाठी त्याचा खरोखर फायदा आहे (मफ तरीही लागतातच). त्यावरचा २०० डॉलरचा फेडरल टॅक्सही जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय, नोंदणी मात्र आहेच. फक्त नळीच्या टोकाला वजन वाढतं. फोरग्रिपचंही तसंच, मनगट दुखत असेल तर जरूर लावा, फोटोत चांगली दिसते म्हणून नको.

एडिसनकर:
एक महत्त्वाचं, हे सगळं टेक्सासचं झालं. आमच्या न्यू जर्सीत १० गोळ्यांपेक्षा मोठं मॅगझिन चालत नाही, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मित्राची लिंक बघून मागवू नका. शिवाय एच-१बी व्हिसावाल्यांना शिकारीच्या लायसन्ससारखा अपवाद सोडला तर बंदूकच बाळगता येत नाही, मित्राची 'जरा सांभाळ' म्हणून ठेवणंसुद्धा नाही. आणि रेंजची बॅग भारतात जाताना कृपया वापरू नका! कप्प्यात राहिलेलं एक जिवंत काडतूस विमानतळावर सापडलं तरी आर्म्स अ‍ॅक्टखाली केस होऊ शकते, मग सुट्टी पोलीस स्टेशन आणि वकिलात जाते.

फ्रिस्कोकर:
सगळ्यांचे आभार. मग सेफ आधी, त्यानंतर स्लिंग, लाइट, प्रिझम. लेसर-बायपॉड कॅन्सल. प्रिझम झीरो (नेम आणि गोळी जुळवणं) किती अंतरावर करू?

ऑस्टिनचा_अण्णा:
५० यार्ड. माउंटचे (साइट बसवायच्या भागाचे) स्क्रू टॉर्क रेंचने (ठराविक जोराने आवळायच्या पान्याने) कंपनीने दिलेल्या मापाला आवळा आणि स्क्रू-माउंटवरून पेंट पेनने एक सलग रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू सैल झाला समजा, परत आवळून परत झीरो.