जठराचा कॅन्सर: किमोआधी तुकड्यावर कोणते मार्कर लावायचे?

निपाणी_लॅब:
दुर्बिणीतून दोन-तीनच तुकडे येतात. ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचा कॅन्सर) निघाला की फ्लॉट या किमोच्या (५-एफयू, ऑक्झालिप्लॅटिन वगैरे) आधी नातेवाईक ईआरसीसी-१ आणि थायमिडिलेट सिंथेज या दोन प्रथिनांचं पॅनेल मागतात, ‘कुठली किमो लागू पडेल ते कळतं’ म्हणून. बेळगावला ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) पाठवताना फॉर्मवर काय लिहू? सगळंच केलं तर ब्लॉक संपतो.

स्लाइडवाला:
ती दोन्ही सोडा. ईआरसीसी-१ प्लॅटिनमच्या औषधांनी बिघडवलेला डीएनए दुरुस्त करतं, म्हणून ते जास्त तर ऑक्झालिप्लॅटिन कमी चालणार, असा तर्क. कागदावर छान! पण याच्या चार आयसोफॉर्मपैकी (रूपांपैकी) दुरुस्तीचं काम एकच करतो आणि स्टेनच्या अँटीबॉडीला तो वेगळा ओळखता येत नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तर ८एफ१ अँटीबॉडीची बॅच बदलली तसे निकालही बदलले. ५-एफयू ज्याच्यावर काम करतं त्या सिंथेजचं तर किती म्हणजे जास्त, हा कटऑफ ज्याचा त्याचा.
आधी एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ ही एमएमआरची (डीएनएची प्रत काढतानाच्या चुका दुरुस्त करणारी) चार प्रथिनं लिहा, मग हर-२ (पेशीच्या कडेवरचं वाढीचं प्रथिन). आजार पसरलेला असेल तर पीडी-एल१ आणि क्लॉडिन १८.२ पण, त्यांच्यावरची औषधं निवडायला.

ऑन्को_खानापूर:
त्या चारांचा किमोशी थेट संबंध आहे. जठराच्या कॅन्सरवरच्या मॅजिक ट्रायलच्या २०१७ च्या विश्लेषणात एमएमआर बिघडलेल्यांना ईसीएफ या किमोचा फायदा दिसला नाही. रुग्ण थोडे होते आणि ती किमोही जुनी, तेव्हा एवढ्यावरून फ्लॉट नाकारू नका. मात्र इम्युनोथेरपीचा विचार इथूनच सुरू होतो.
हर-२ मात्र किमोचा अंदाज देत नाही, ट्रास्टुझुमॅब हे हर-२ वरचं औषध जोडायचं का ते सांगतं. स्टेन २+ (धड हो नाही, धड नाही नाही) आला तर फिश (जीनच्या प्रती मोजणारी तपासणी) हवंच. आणि वाचणाऱ्याने स्तनाचे निकष लावलेत का बघा: जठरात रंग पेशीभोवती पूर्ण फिरत नाही, यू आकारात बसला तरी चालतो. बायॉप्सीत रंगलेल्या पाच पेशींचा एक पुंजका पुरे.

स्लाइडवाला:
दुर्बीणवाल्यांना आधी सांगा, सहा-आठ तुकडे घ्या. व्रणाच्या मधोमध नुसता सडका भाग येतो, कडेचे पण हवेत. १० टक्के बफर्ड फॉर्मेलिन, तुकड्याच्या दहापट. सलाइनमध्ये टाकून बसने पाठवलेली बाटली कामाची नाही. फिक्सेशन (फॉर्मेलिनमध्ये ठेवणं) ६ ते ७२ तास. शुक्रवारी संध्याकाळचा तुकडा मंगळवारी ग्रॉसिंगला (लॅबमध्ये बाहेर काढून पुढच्या कामाला) आला की मर्यादा उलटली.
ब्लॉक मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) एकदाच चढवा, कोऱ्या स्लाइड सगळ्या तेव्हाच कापा. दर वेळी ब्लॉक पुन्हा लेव्हल (सपाट) करताना टिश्यू जातो. आणि एमएमआरमध्ये शेजारच्या लिम्फोसाइटच (एरवी रंगणाऱ्या निरोगी पेशी) रंगल्या नसतील तर ‘लॉस’ (प्रथिन नाही) लिहू नका, स्टेन परत लावा.

निपाणी_लॅब:
मग ५-एफयूसाठी काहीच नाही?

ऑन्को_खानापूर:
प्रतिसादासाठी नाही. विषारीपणासाठी डीपीवायडी (५-एफयू शरीरात मोडणाऱ्या एन्झाइमच्या) जीनची तपासणी आहे, पण ती रक्तावर होते. ईडीटीए ट्यूब (रक्त गोठू न देणारी) भरा, ब्लॉकला हात लावायला नको.