अंदमान: आईचे गुडघे, मुलाचं स्कूबा आणि सहा दिवस. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून चेन्नईमार्गे अंदमानला निघतोय. आई (68), आम्ही दोघं आणि नुकतंच बारावं लागलेला मुलगा. विमानाची तिकिटं झाली, बाकी सगळं अधांतरी.

आईला फक्त सेल्युलर जेल बघायचंय. "सावरकरांच्या कोठडीत दोन मिनिटं उभी राहिले की झालं, समुद्र तुम्ही बघा," म्हणते. मुलाच्या डोक्यात स्कूबाशिवाय काही नाही. टूरवाल्याचा बेत असा: पहिल्या दिवशी जेल, दुसऱ्या दिवशी बाराटांग बेट, मग हॅवलॉक बेट. पाचव्या दिवशी सकाळी उशिरा स्कूबा, लगेच दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला परत आणि सहाव्या दिवशी सकाळी सातचं विमान.

आईचे गुडघे दुखतात, तिला जेल झेपेल का? बाराटांग करावं का? मला बोट लागते, एसटीसुद्धा लागते, त्यावर काय करू? आणि हे स्वराज द्वीप कुठे आलं? बोटीच्या तिकिटावर तेच नाव दिसतंय.

प्रतिसाद

ताई, स्वराज द्वीप म्हणजेच हॅवलॉक. 2018 मध्ये नाव बदललं, शेजारचं नील बेट झालं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरही 2024 पासून श्रीविजयपुरम आहे, पण रिक्षावाल्याला जुनंच नाव सांगा.

बाराटांग सरळ कापा. जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या ताफ्यानेच सोडतात, पहिला ताफा गाठायचा तर रात्री तीनच्या सुमारास निघावं लागतं. पुढे बोट, त्यानंतर चुनखडीच्या गुहेपर्यंत पायपीट. काकूंचे हाल होतील. (कोणी गेलंच तर जारवांचे फोटो काढू नका, गुन्हा आहे.)

जेलमध्ये सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला आहे. जिने चढावेच लागतात. सकाळी ऊन चढायच्या आत जा, दर मजल्यावर काकूंना टेकू द्या, घाई करू नका. मूळच्या सात विंगांपैकी तीनच उरल्यात, त्यामुळे फिरणं फार नाही. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम खुर्चीत बसून बघता येतो.

स्कूबा मात्र आधी घ्या. पाण्याखाली गेल्यावर विमानात बसण्याआधी निदान 18 तास, शक्यतो 24 तास जाऊ द्यावेत. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. चौथ्या दिवशी ठेवलंत तर विमानाआधी पूर्ण एक दिवस मोकळा राहतो.

बोटीत मधल्या भागातली जागा घ्या. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून बोट सुटायच्या तासभर आधी, बोट हलायला लागल्यावर नव्हे. आणि हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर चारलाच पोचा. तिकडे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. आम्ही मुंबईच्या हिशेबाने सहाला गेलो आणि मोबाईलच्या उजेडात चपला शोधल्या.

धागाकर्ती

बाराटांग रद्द, टूरवाल्याला आजच फोन करते. जिन्याचं आईला सांगितलं, तर आजपासून सोसायटीचे दोन मजले चढायला लागली आहे. तेवढं हॅवलॉकला मासळी कुठे चांगली मिळते सांगाल का?