पाम थ्री-एक्सई: कामांची यादी, ग्राफिटी आणि बॅटरी

पाटीपेन्सिल:
पाम थ्री-एक्सई हा हातात मावणारा जुना संगणक (८ एमबी, पाम ओएस ३.५) चालू स्थितीत आहे, सोबत सिरियल क्रेडल (कॉम्प्युटरला जोडायचा स्टँड). ऑफिसची कामं फोनवरून यावर आणायची आहेत. फोनवर यादी उघडेपर्यंत चार मेसेज आडवे येतात. पण टू-डूमध्ये साठेक कामं भरल्यावर ती यादी बघवत नाही. ग्राफिटीत, म्हणजे पडद्याखालच्या पट्टीवर पेनने अक्षरं काढताना, व्ही लिहिलं की यू उमटतं. आणि सेल बदलताना सगळं पुसलं जातं, हे खरं का?

दुपारचा_चहा:
साठ कामं असू द्यात, साठ दिसायला नकोत. टू-डूमध्ये खाली 'शो' दाबून 'शो ओन्ली ड्यू आयटम्स' आणि 'शो ड्यू डेट्स' या दोन्हींवर खूण करा. आता प्रत्येक कामाला तारीख द्या. तारीख नसलेलं काम या सेटिंगनंतरही दिसतच राहतं, बहुतेकांचं गाडं इथेच अडतं.

ही तारीख म्हणजे काम हातात घ्यायचा दिवस. अहवाल २० तारखेला द्यायचा असेल तर टू-डूत १६ टाका आणि २० डेट बुकमध्ये (पामचं कॅलेंडर), वेळ न देता. डेट बुकमध्ये बाकी फक्त ठरलेल्या वेळेच्या गोष्टी. तिथे लिहिलेलं काम राहून गेलं तर मागच्या पानावरच पडून राहतं, पुढे सरकत नाही. टू-डूतलं राहिलेलं काम मात्र उद्गारचिन्ह लावून समोर येतं.

कॅटेगरी १५ करता येतात, पण चार पुरे: फोन, टेबल, साहेब, बाहेर. साहेबांच्या केबिनमध्ये जाताना तेवढीच यादी उघडायची.

सरळरेघ:
व्ही उलटा काढा: उजवीकडे वरून सुरुवात, खाली टोक, मग डावीकडे वर. यूशी गल्लत थांबेल. पट्टीच्या डाव्या भागात अक्षरं, उजव्या भागात आकडे. तरीही चुकत असेल तर 'प्रेफ्स'मधून डिजिटायझर (पेनचा स्पर्श ओळखणारा पडदा) पुन्हा जुळवा. देवनागरी यात नाही, मराठी रोमनमध्येच लिहावी लागेल.

सेलचं खरं आहे. माहिती रॅममध्ये असते. ट्रिपल-ए सेल काढल्यावर आतला कपॅसिटर ती जेमतेम मिनिटभर धरतो, आणि इतक्या जुन्या यंत्रात तेवढाही भरवसा नको. आधी हॉटसिंक (माहितीची कॉम्प्युटरवर प्रत), मग यंत्र बंद करून, नवे सेल हाताशी ठेवूनच जुने काढा. चार्जिंगचे १.२ व्होल्टचे सेल घातले तर बॅटरीच्या खुणेवर विसंबू नका, ती अल्कलाइनच्या हिशेबाने दाखवते.

पाटीपेन्सिल:
आभार, तारखा टाकायला घेतो. लॅपटॉपला सिरियल पोर्ट नाही, हॉटसिंकचं काय करू?

सरळरेघ:
यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर चालतो. ६४-बिट विंडोजला पामचा यूएसबी ड्रायव्हर नाही, ही अडचण सिरियल क्रेडलला येतच नाही. लिनक्सवर जे-पायलट हा प्रोग्रॅम वापरा. त्यात कन्व्हर्टरचाच पोर्ट निवडा आणि स्वतःचं खातं 'डायलआउट' गटात घाला, नाहीतर पोर्ट उघडणार नाही. पामच्या हॉटसिंकमध्ये 'मोडेम' नव्हे, 'लोकल' हवं. मध्येच तुटत असेल तर वेग कमी करून बघा.

दुपारचा_चहा:
एक राहिलं. मेमो साधारण ४००० अक्षरांचाच होतो, मीटिंगची लांब टिपणं तोडून ठेवा. आणि कॅलेंडर ३१ डिसेंबर २०३१ ला संपतं, त्यापुढच्या मुदती इथे ठेवता येणार नाहीत.