मदत हवी आहे: मत्स्यपेटीतील पाण्याचा पीएच टिकत नाही

सप्रेम नमस्कार. इंदूरला आमच्या घरी 100 लिटरची मत्स्यपेटी असून तीत आठ प्लॅटी आणि पाच मॉली आहेत. बोअरचे पाणी फार जड म्हणून काही महिन्यांपासून मी मुख्यतः आरओचे पाणी वापरतो आणि त्यात थोडे नळाला येणारे नर्मदेचे पाणी, क्लोरीन घालवण्यासाठी सोडियम थायोसल्फेट टाकून, मिसळतो. तेव्हापासून पाणी बदलल्यावर 7.4 असलेला पीएच दहा दिवसांत 6.3 वर उतरतो आणि मासे पर मिटून कोपऱ्यात बसून राहतात. ते पाहवत नाही. अमोनिया व नायट्राइट शून्य आहेत, नायट्रेट 30 पीपीएम आहे, कार्बोनेट काठिण्य (आम्ल शोषणाऱ्या बायकार्बोनेटचे माप) मात्र जेमतेम 2 अंश भरते.

माझ्या समजुतीप्रमाणे फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होते आणि ते शोषून घेणारे बायकार्बोनेट आरओच्या पाण्यात जवळजवळ नसल्यामुळे पीएच घसरत असावा. मॉलीला तर जडच पाणी मानवते, त्यामुळे बोअरचे पाणी सोडण्यात माझी चूक झाली असे आता वाटते.

जाणकारांनी कृपया सांगावे की बोअरचे पाणी पुन्हा किती प्रमाणात आणि किती दिवसांत वाढवत न्यावे. फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा ठेवणे बरे, की खाण्याचा सोडा? सोड्याने पीएच एकदम चढेल या भीतीने मी अद्याप त्याला हात लावलेला नाही. माळव्यातील पाणी वापरणाऱ्यांनी आपला अनुभव आकड्यांसह लिहिल्यास फार उपकार होतील.