सांधे निवडताना गेजखेरीज काय पाहावे

हॉर्नबी कंपनीच्या मॉडेल रेल्वे सेटमधील रुळांना पेको कंपनीचे सांधे (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर नेणारे रुळांचे भाग) जोडता येतील का, या प्रश्नाला ‘दोन्हींचे गेज (दोन रुळांमधील अंतर) १६.५ मिलिमीटर’ एवढे उत्तर पुरेसे नाही. हॉर्नबीचा रूळ कोड १००, म्हणजे सुमारे २.५ मिलिमीटर उंच असल्यामुळे सांधाही कोड १००चाच घ्यावा. कमी उंचीचा कोड ७५चा घेतल्यास जोडावर पायरी पडते.

खरी गोम भूमितीत आहे. पेकोच्या सेटट्रॅक मालिकेतील सांध्याचा कोन हॉर्नबीप्रमाणेच २२.५ अंश आहे, तर पेकोच्याच स्ट्रीमलाइन मालिकेतील सांध्याचा १२ अंश. त्यामुळे स्ट्रीमलाइनच्या दोन सांध्यांचा क्रॉसओव्हर (दोन समांतर मार्गांना जोडणारा तिरका मार्ग) केला की समांतर मार्गांतील अंतर ६७ ऐवजी सुमारे ५० मिलिमीटर होते आणि सेटमधील तयार वळणांशी ते जुळत नाही. दिसायला मात्र स्ट्रीमलाइनच देखणा, हे मान्य करावे लागेल.

फ्रॉग (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) प्लास्टिकचा असेल तर विजेची जोडणी सोपी होते, पण माझे चार चाकी शंटिंग इंजिन तेथे हमखास थबकत असे. वीजवाहक फ्रॉगवर ते सुरळीत जाते. परंतु फ्रॉगपुढील आतल्या दोन्ही रुळांना प्लास्टिकचे फिशप्लेट (रूळ जोडणारे तुकडे) लावावे लागतात, अन्यथा शॉर्टसर्किट होऊ शकते (त्याच्या शोधात माझा एक अख्खा रविवार गेला आहे).